गोव्याच्या हवेत आणि गोव्याच्या विजेवर चालणारा गेमिंग संगणक घरी कसा जुळवावा

गेमिंग संगणक घरी जुळवण्याविषयीची बहुतेक माहिती थंड, कोरड्या हवेत आणि अखंड विजेवर राहणाऱ्या लोकांनी लिहिलेली असते. तिच्यातले तांत्रिक तपशील गोव्यातही तेवढेच खरे असले, तरी खर्चाचा क्रम मात्र येथे बदलावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत सतत दमटपणा असतो, किनारपट्टीच्या गावांत त्या दमटपणात मीठही असते, आणि पहिल्या वळवापासून दसऱ्यापर्यंत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून येथे संगणक जुळवणाऱ्याने खेळाची दृश्ये काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या किमती पाहण्याआधी आपल्या खोलीतला विजेचा सॉकेट पाहावा.

वीज आणि अर्थिंग

तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे मुळीच नाही. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते, किंवा तार असून ती जमिनीपर्यंत पोहोचलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासणी करून घ्यावी. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट मिळाले पाहिजेत, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात फार तर दोन-तीन व्होल्ट. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर संगणक चालतो, पण कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोट लागताच झिणझिण्या येतात. याचे कारण असे की एसएमपीएसच्या, म्हणजे घरची वीज संगणकाला लागेल अशी करून देणाऱ्या डब्याच्या, आतल्या फिल्टरमधील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंना धातूच्या सांगाड्याशी जोडतात, आणि अर्थिंग नसले की सांगाड्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असला, तरी यूएसबी किंवा एचडीएमआयची केबल लावता-काढताना तो पोर्ट निकामी करू शकतो.

जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही. त्यामुळे पावसात उत्तम चालणारे अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत कोरडे पडून कमकुवत होते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी रीत यासाठीच आहे, आणि तपासणीही शक्यतो उन्हाळ्यातच करावी.

चांगल्या एसएमपीएसला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही, कारण १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब तो आपणहून सांभाळून घेतो. यूपीएस मात्र हवाच. त्याच्यावर खेळत राहणे हा हेतू नसून, वीज गेल्यावर संगणक रीतसर बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळावीत एवढाच आहे. यूपीएसवर छापलेला व्हीएचा आकडा वॅटचा नव्हे: १००० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ६०० वॅटच देतो. आजच्या बहुतेक एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (आत येणारा प्रवाह सुधारून घेणारे सर्किट) असते आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर त्यांतले काही वीज जाताच बंद पडतात. म्हणून जमल्यास शुद्ध साइन, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत, लहर देणारा यूपीएस घ्यावा आणि मॉनिटरही त्यालाच जोडावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या विजा कडाडू लागल्या की कोणत्याही स्पाइक गार्डवर विसंबू नये. प्लग काढावा आणि लॅन केबलही काढावी. फायबरमधून विजेचा झटका येत नाही हे खरे, पण राउटरचा अडॅप्टर आणि त्याच्यापासून संगणकापर्यंत येणारी तांब्याची तार यांतून तो येतो.

भागांची निवड

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. १९२० × १०८० पिक्सेलचा पडदा असेल तर मध्यम कार्डावर भागते. २५६० × १४४० चा असेल तर कार्डावर किमान १२ जीबी मेमरी असावी, आणि १६ जीबी असल्यास उत्तम. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग ग्राफिक्स कार्डावर जाणे स्वाभाविक आहे. प्रोसेसरवर ऐपतीबाहेर पैसे घालून कार्डात काटकसर करणे मात्र खेळासाठी घेतलेल्या यंत्रात व्यर्थ ठरते.

उदाहरणादाखल एक समतोल जुळणी घेऊ, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्याच आधाराने सांगितल्या आहेत. प्रोसेसर एएमडी रायझन ५ ७६००, त्याला चालणारा बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स आकाराचा मदरबोर्ड (ज्यावर सारे भाग बसतात तो मूळ बोर्ड), १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम (तात्पुरत्या मेमरीच्या पट्ट्या), खेळ आणि फायली साठवणारी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी मेमरीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी किंवा जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस. रायझन ५ ७६०० मध्ये सहा कोर आहेत, त्याच्या खोक्यात कूलर येतो आणि त्याच्यात लहानसे अंगभूत ग्राफिक्सही आहे, जे पहिल्या चाचणीला फार उपयोगी पडते. तो ज्या एएम५ सॉकेटवर बसतो तो २०२२ मध्ये आला आणि पुढच्या पिढीचे प्रोसेसरही त्याच्यावर चालतात, म्हणून काही वर्षांनी मदरबोर्ड न बदलता केवळ प्रोसेसर बदलता येतो. याच कारणाने, इंटेलचे प्रोसेसर वाईट नसतानाही, मर्यादित बजेटमध्ये एएम५ हा अधिक शहाणपणाचा पर्याय वाटतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळल्याने रॅमचे भाव बरेच चढले आहेत. हात आखडता घ्यावा लागला तर ८ जीबीच्या दोन रॅम घेऊन चालवावे, पण १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नये, कारण दोन पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हाच मेमरीचा पूर्ण वेग मिळतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. हा प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत घेतो, वरच्या दोन कार्डांपैकी पहिले सुमारे १६० आणि दुसरे १८० वॅट, आणि मदरबोर्ड, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ. म्हणजे एकूण मागणी ३३० वॅटच्या आसपास राहते. मग ६५० वॅट कशाला, असा प्रश्न पडेल. कार्डाची मागणी क्षणभर बरीच वर उसळते, एसएमपीएस निम्म्या भारावर कमी तापतो, आणि पुढे मोठे कार्ड घेतल्यास तोच पुरतो. एसएमपीएस मात्र नामांकित कंपनीचाच घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस काढून ठेवणे हा साऱ्या जुळणीतला सर्वांत स्वस्त विमा आहे.

कॅबिनेट निवडताना काचेच्या बंद दर्शनी बाजूला भुलू नये. पुढे जाळी असलेले, धुता येणारे फिल्टर असलेले आणि समोर दोन, मागे एक पंखा असलेले कॅबिनेट येथे योग्य. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की फटींतून धूळ आत ओढली जात नाही, आणि डिचोली-सत्तरीकडची तांबडी धूळ ज्यांना माहीत आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कॅबिनेटच्या मागे स्लॉटची मोकळी भोके राहू देऊ नयेत. पालींना उबदार जागा आवडते, आणि मदरबोर्डवर फिरणारी पाल स्वतःबरोबर बोर्डालाही संपवते.

पणजी, म्हापसा, मडगाव येथील दुकानांत नेहमीचे भाग मिळतात, पण विशिष्ट मॉडेल हवे असल्यास बहुधा ते मागवूनच घ्यावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मागवल्यास कुरिअरचा खर्च आणि वॉरंटीची सोय दोन्ही आधी विचारून घ्यावे. खोके उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढावा, कारण त्याशिवाय तुटका भाग परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात. वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेताना येथे एक जादा काळजी घ्यावी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली, हे अनेकांना ठाऊक असते. पण किनाऱ्याजवळच्या घरात दोन-तीन पावसाळे काढलेले कार्ड त्याहून वाईट अवस्थेत असू शकते. मागच्या पट्टीवर गंज, स्क्रूंवर पांढरट थर किंवा तांब्याच्या भागांवर हिरवट डाग दिसल्यास कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे.

जुळणी: आधी टेबलावर

पावसाळ्यात कुरिअरने आलेली खोकी वातानुकूलित खोलीत लगेच फोडू नयेत, आतल्या भागांवर पाणी धरते, असे लोक सांगतात. खरा धोका मात्र याच्या उलट आहे. थंड खोलीत गरम वस्तू नेल्याने पाणी धरत नाही. थंड वस्तूला दमट हवा लागली की पाणी धरते. जुलैतल्या एखाद्या दिवशी बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक धातूवर थेंब जमू शकतात. २३ अंशांच्या खोलीत रात्रभर बंद पडलेल्या संगणकाजवळची खिडकी सकाळी उघडली तर नेमके हेच होते. त्यामुळे जुळणी चालू असताना खोलीची हवा एकसारखी राहील असे पाहावे, आणि पुढे वापरतानाही एसी बंद करून लगेच खिडक्या सताड उघडण्याची सवय टाळावी. उलट, स्थिर विद्युतभाराची भीती दमट हवेत कमी असते. मनगटाला पट्टा बांधला नाही तरी चालेल, पण भाग हातात घेण्यापूर्वी, प्लग लावून बटण बंद ठेवलेल्या एसएमपीएसच्या धातूला स्पर्श करण्याची सवय ठेवावी. हा उपाय अर्थिंग खरे असेल तरच उपयोगी ठरतो.

मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर बसवण्यासाठी सॉकेटशेजारचा दांडा मोकळा करून वरची चौकट उचलावी. काळे प्लास्टिकचे झाकण आत्ता काढू नये, चौकट बंद करताना ते आपोआप निघते. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत, त्या १७१८ आहेत, आणि त्यांतली एक जरी वाकली तरी मदरबोर्डची वॉरंटी सहसा संपते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि तो सरळ वरून अलगद ठेवावा, दाबू किंवा सरकवू नये. नंतर दांडा खाली आणताना बराच जोर लागतो आणि किंचित करकरल्यासारखे वाटते. हे नेहमीचे आहे. निघालेले झाकण जपून ठेवावे, कारण बोर्ड दुरुस्तीला पाठवताना ते लागते.

रॅमसाठी चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरावी. दोन्ही टोकांना टिक असा आवाज येईपर्यंत दाबावे. संगणक सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण अर्धवट बसलेली रॅम हेच असते. एसएसडी तिरकी घालून खाली दाबावी आणि लहान स्क्रूने पक्की करावी. तिच्यावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीखालचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहिले तर ती पट्टी थंडावा देण्याऐवजी उष्णता कोंडते.

खोक्यातला कूलर स्क्रूंनी बसतो, म्हणून मदरबोर्डवरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्यात. या कूलरच्या तळाला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावलेलीच असते, वरून आणखी लावू नये. वेगळा कूलर घेतला असल्यास प्रोसेसरच्या मध्यभागी तुरीच्या मोठ्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. चारही स्क्रू कर्णाकर्णाने, प्रत्येकी थोडे थोडे आवळत न्यावेत आणि पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर लावावी.

आता कॅबिनेटमध्ये काहीही बसवण्यापूर्वी चाचणी घ्यावी. ही पायरी घाईत वगळली जाते, आणि नंतर सारे उसकटून बसावे लागते. एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल बोर्डाला जोडावी, मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआयला लावावा, आणि बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. पंखा फिरू लागतो, पण पडदा काही मिनिटे काळाच राहतो. डीडीआर५ मेमरी पहिल्या वेळी स्वतःची जुळवणी करून घेते आणि त्याला वेळ लागतो. या काळात घाबरून वीज बंद केली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (एसएसडी) अशा चार लहान दिव्यांची रांग असते. ज्या नावापुढचा दिवा पेटून राहील तेथे दोष शोधावा.

जुळणी: कॅबिनेटच्या आत

बायोसचा, म्हणजे मदरबोर्डमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामचा, पडदा दिसला की निम्मी चिंता मिटते. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंटे) बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना, हे मोजून पाहावे. भोक नसलेल्या जागी एखादा स्टँडऑफ राहिला तर बोर्डाच्या पाठीमागे शॉर्ट होतो. मागच्या पोर्टांभोवतीची आय/ओ पट्टी वेगळी आली असेल तर ती बोर्डाआधी बसवावी. प्रोसेसरची ८ पिनांची केबलही वरच्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवावी, कारण बोर्ड बसल्यावर तेथे बोट शिरत नाही. एसएमपीएसच्या खाली फिल्टर असेल तर त्याचा पंखा खालच्या दिशेला करावा. सुट्या केबल येणारा एसएमपीएस असल्यास केवळ त्याच्याच खोक्यातल्या केबल वापराव्यात. दुसऱ्या कंपनीच्या केबलचे टोक बरोबर बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि वीज देताक्षणी एसएसडी किंवा बोर्ड जळू शकतो.

समोरच्या बटणांच्या बारीक तारा लावणे हे कंटाळवाणे काम आहे. बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती समोर ठेवावी. पॉवर आणि रीसेट यांच्या प्रत्येकी दोन तारा उलटसुलट लावल्या तरी चालतात, दिव्यांच्या तारांना मात्र धन-ऋण असते. यूएसबीचा १९ पिनांचा जाड प्लग जपून लावावा, त्याच्या पिना पटकन वाकतात.

ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी घालावे. प्रोसेसरच्या सर्वांत जवळची लांब खाच निवडावी, मागच्या पट्ट्या काढाव्यात, कार्ड टिक होईपर्यंत दाबावे आणि स्क्रू लावावेत. काही कार्डांना ८ पिनांची नेहमीची केबल लागते, तर काहींना १२व्ही-२×६ नावाचा नवा लहान प्लग. हा नवा प्लग पूर्ण आत गेला नाही तर तेथेच तापून वितळू शकतो, म्हणून फट उरली नाही हे विजेरीने पाहावे आणि केबल प्लगच्या लगेच मागे वाकवू नये. मॉनिटरची केबल आता बोर्डावरून काढून कार्डाला लावावी. नवे कार्ड घेऊनही खेळ अडखळतो, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांची केबल बोर्डालाच राहिलेली असते.

बायोस, विंडोज आणि पहिली परीक्षा

बायोसची नवी आवृत्ती टाकणे आवश्यक आहे. २०२३ मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी सारखे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे सॉकेटमध्येच जळाले, आणि त्यानंतर एएमडीने प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाचे व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारे बदल बायोसमधूनच दिले. हे काम यूपीएस पूर्ण चार्ज असताना, शक्यतो आभाळ मोकळे असलेल्या दिवशी करावे. वीज खात्याने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना दिलेली नाही ना, हेही त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावे. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड उठतच नाही. ज्या बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे बटण आहे तो घेण्याचा आग्रह याचसाठी धरावा, कारण त्याच्यावर पेनड्राइव्हने बायोस पुन्हा लिहिता येतो.

त्यानंतर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू करावी, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० किंवा त्याच्या आसपास चालत राहते. सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्यात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची क्षमता लागते, आणि काही ऑनलाइन खेळ तर दोन्ही चालू असल्याशिवाय सुरू होत नाहीत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नव्या यंत्रावर तिचा विचार करू नये. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज उतरवावी, मग चिपसेटचा आणि कार्डाचा ड्रायव्हर टाकावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये बहुधा मुळात ६० वरच लावलेला असतो, तो सेटिंग्जमध्ये जाऊन बदलावा लागतो.

परीक्षा घ्यायची ती एसी बंद ठेवून, दुपारी. एखादा जड खेळ तासभर चालवून प्रोसेसरचे आणि कार्डाचे तापमान पाहावे. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. खोक्यातल्या लहान कूलरवर मे महिन्यात तो ८५ च्या घरात गेला तरी धोका नाही, पण सतत ९५ ला टेकत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा हवा अडली आहे असे समजावे. संगणक मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत असल्यास रॅमची तपासणी मेमटेस्ट८६ या प्रोग्रामने करावी, आणि तीही निर्दोष ठरली तर संशय एसएमपीएसवर घ्यावा.

पावसाळा आणि वॉरंटी

चालू संगणक स्वतःच्या उष्णतेने स्वतःला कोरडा ठेवतो. म्हणून आषाढ-श्रावणात खेळायला वेळ नसला तरी रोज अर्धा-एक तास तो चालवावा. घर बंद करून चवथीला गावी जायचे असल्यास त्याच्यावर प्लास्टिकचे आवरण घट्ट गुंडाळू नये, कारण आतला दमटपणा आतच राहतो. सुती कापड टाकून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि परतल्यावर त्या आठवणीने काढाव्यात. संगणक भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वर आणि समुद्राकडच्या खिडकीच्या झोतात येणार नाही असा ठेवावा. पावसाआधी आणि पावसानंतर फिल्टर धुवून पूर्ण वाळवून लावावेत. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, कारण मोकळा पंखा हवेने गरगरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या मुदतीची असते. दमट कपाटात बिलांची शाई फिकी पडते, म्हणून बिले आणि सीरियल क्रमांकांचे फोटो काढून ठेवावेत. गंजलेला भाग बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांची मूळ खोकी मुदत संपेपर्यंत माळ्यावर जपावीत, कारण दुरुस्तीसाठी भाग राज्याबाहेर पाठवावा लागला तर त्याच खोक्यात तो सुरक्षित जातो.